‘फॉर’ शोधलं तर काहीच येत नाही!

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या खेपेला प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. तक्रार बहुतेकांची एकच: भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन समोर उघडं असतं, पण हवं ते त्यात सापडत नाही. उत्तरांमध्ये कमांड आणि फंक्शनची नावं देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाकावी लागतात, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळावा लागतो.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे. पायथनच्या डॉक्युमेंटेशनच्या शोधपेटीत ‘फॉर’ टाकलं, ‘विथ’ टाकलं, ‘इन’ टाकलं. एक तर भलतंच काही येऊन राहिलं, नाही तर काहीच नाही. हे शब्द तर पहिल्याच धड्यात आहेत. मग काहून सापडत नाहीत?
– विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : चूक तुमची नाही. पायथनचं डॉक्युमेंटेशन ‘स्फिंक्स’ नावाच्या साधनातून तयार होतं. पानं तयार होताना स्फिंक्स सगळ्या शब्दांची एक सूची बनवतो आणि शोध त्या सूचीत घेतला जातो. सूची फुगू नये म्हणून इंग्रजीत पावलोपावली येणारे बारके शब्द आधीच वगळलेले असतात. त्या वगळलेल्यांतच ‘अँड’, ‘ॲज’, ‘फॉर’, ‘इफ’, ‘इन’, ‘इज’, ‘नॉट’, ‘ऑर’ आणि ‘विथ’ हे नऊ शब्द येतात. पायथनचे राखीव शब्द (म्हणजे कीवर्ड, ज्यांचा अर्थ भाषेनेच ठरवलेला असतो) एकूण ३५. म्हणजे त्यांतला चौथा हिस्सा मजकुराच्या शोधात येतच नाही, आणि नेमका तोच नवशिक्याला पहिल्या आठवड्यात लागतो. तुम्हाला जे थोडंफार दिसलं ते एखाद्या शीर्षकात किंवा फंक्शनच्या नावात जुळलेलं असणार.

वाट दुसरी आहे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘इंडेक्स’ अशी लिंक असते, ती उघडा. ही सूची पुस्तकाच्या मागे असते तशी माणसांनी जागा ठरवून केलेली आहे, यंत्राने गोळा केलेली नाही. तिथे ‘एफ’ अक्षराखाली ‘फॉर’ मिळतो आणि तो थेट नेमक्या परिच्छेदावर नेतो. इंटरनेट नसेल तर पायथनच्या काळ्या खिडकीत ‘हेल्प’ लिहून कंसात, अवतरणचिन्हांत ‘फॉर’ द्या. अवतरणचिन्हं विसरलात तर सिंटॅक्स एरर येईल, कारण पायथनला वाटतं तुम्ही लूपच सुरू केलात. सगळ्या राखीव शब्दांची यादी हवी असेल तर त्याच जागी ‘कीवर्ड्स’ लिहा.

चिन्हांची गत याहून वाईट. `%`, `//`, `:=`, `@` ही चिन्हं शोधपेटीत टाकली की गाळली जातात, आणि गुगलवरही त्यांचा भरवसा नाही. त्याच इंडेक्समध्ये सर्वांत वर ‘सिम्बॉल्स’ असं वेगळं पान आहे, चिन्हं तिथे रांगेने लावलेली आहेत. फोनवर शोधायचं असेल तर चिन्हाचं नाव माहीत हवं: `%` म्हणजे मोड्युलो, `//` म्हणजे फ्लोअर डिव्हिजन, `:=` ला वॉलरस ऑपरेटर म्हणतात (तो पायथन ३.८ पासून आहे), ओळीच्या सुरुवातीचा `@` म्हणजे डेकोरेटर, आणि चौकटी कंसात दोन आकड्यांमध्ये `:` आला की स्लायसिंग.

आणखी एक. ‘फॉर’चं वर्णन दोन ठिकाणी आहे. ट्युटोरियलच्या चौथ्या प्रकरणात ते शिकवण्यासाठी लिहिलेलं आहे. लँग्वेज रेफरन्सच्या ८.३ मध्ये ते नियम म्हणून आहे, व्याकरणाच्या सूत्रासह. इंडेक्सवरून बऱ्याचदा तुम्ही रेफरन्समध्ये पडता आणि घाबरता. तसं झालं तर पानाच्या वरच्या पट्टीवर कोणत्या भागात आहोत ते बघा आणि ट्युटोरियलमध्ये जा. रेफरन्स नंतर, वाद मिटवायच्या वेळी कामी येतो.

प्रश्न : आमची अडत आहे. पावत्यांच्या ओळी संगणकात टाकून हिशेब करून राहिलो. काय करायचं ते मला माहीत आहे, पण त्या फंक्शनला म्हणतात काय तेच माहीत नाही. नाव माहीत नसलेली गोष्ट शोधायची कशी?
– ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : आधी कागदावर दोन गोष्टी लिहा: हातात काय आहे आणि पाहिजे काय. ‘सोयाबीन,४२,पिवळा’ अशी एक ओळ हातात आहे आणि तिचे तीन तुकडे हवे आहेत. म्हणजे हातात स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आहे, हवी आहे लिस्ट (यादी). आता लायब्ररी रेफरन्समधल्या ‘बिल्ट-इन टाइप्स’ पानावर ‘स्ट्रिंग मेथड्स’पर्यंत जा आणि तेवढाच भाग नजरेखालून घाला. शोधपेटीपेक्षा हे लवकर होतं, कारण तिथे फक्त स्ट्रिंगला लागू पडणाऱ्याच गोष्टी आहेत.

अडचण अशी असते की आपल्या डोक्यातला शब्द आणि डॉक्युमेंटेशनमधला शब्द जुळत नाही. शोधयंत्र ‘सॉर्टिंग’ आणि ‘सॉर्टेड’ ही एकाच शब्दाची रूपं आहेत हे ओळखतं. ‘तोडणे’ म्हणजे ‘स्प्लिट’ हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्हाला लागतील असे थोडे शब्द देतो. तुकडे करणं म्हणजे स्प्लिट. तुकडे सांधणं म्हणजे जॉइन. दोन्ही कडांच्या मोकळ्या जागा काढणं म्हणजे स्ट्रिप. हाताने भरलेल्या पावत्यांत हे पहिल्यांदा लागतं, कारण ‘तूर’ आणि मागे जागा सुटलेला ‘तूर ’ हे संगणकाला दोन वेगळे माल वाटतात. बदलणं म्हणजे रिप्लेस. एकेक घेऊन पुढे जाणं म्हणजे इटरेट.

‘ॲड’ या शब्दापासून जपा. यादीत काही घालायचं म्हणून नवशिके ‘ॲड’ शोधतात आणि ती मेथड सापडतेही, पण ती सेटची (दुबार नोंद न ठेवणाऱ्या संचाची) असते. लिस्टसाठी ‘अपेंड’ आहे, एका लिस्टमध्ये दुसरी ओतायची तर ‘एक्स्टेंड’, आणि डिक्शनरीत चौकटी कंसात की देऊन किंमत ठेवायची किंवा ‘अपडेट’ वापरायचं. म्हणून शोधताना क्रियापदाआधी टाइपचं नाव लावा: ‘लिस्ट अपेंड’, ‘डिक्ट अपडेट’.

टाइपच माहीत नसेल तर ‘टाइप’ फंक्शनला विचारा, मग ‘डिर’ला. ‘डिर’ त्या वस्तूच्या सगळ्या मेथडची नावं ओतून देतं. दोन अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं सध्या सोडून द्या. उरलेल्यांपैकी जे नाव जवळचं वाटेल त्यावर ‘हेल्प’ चालवा.

‘प्रोग्रामिंग एफएक्यू’ हे पान फारसं कुणाला माहीत नसतं, पण अडलेल्यासाठी ते सर्वांत चांगलं. त्यात शीर्षकंच प्रश्नाच्या रूपात आहेत: लिस्टमधून दुबार नोंदी कशा काढू, स्ट्रिंगचा आकडा कसा करू. पावतीवरचं वजन ‘४२’ स्ट्रिंग म्हणून येतं आणि बेरजेत ‘४२३८’ असं चिकटतं, त्याचा इलाज तिथेच आहे.

प्रश्न : धारणीला आमच्या अभ्यासिकेत सहा संगणक आहेत. नेट कधी असते, कधी दोन दोन दिवस नसते. सगळ्या मुलांना डॉक्युमेंटेशन मिळावं यासाठी काय करता येईल? मोबाईलचा डेटा मुलांनी किती जाळायचा?
– अभ्यासिका चालक, मेळघाट

उत्तर : नेटची गरज एकदाच आहे. पायथनच्या डॉक्युमेंटेशन साईटवर ‘डाउनलोड’ पान आहे. तिथून एचटीएमएलची आणि साध्या टेक्स्टची, अशा दोन झिप उतरवा. एका दिवसाच्या डेटात दोन्ही सहज बसतात. एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.

एचटीएमएलची झिप पूर्ण उलगडा. झिपच्या आतूनच पान उघडलं तर लिंक तुटतात आणि मुलं म्हणतात ‘फाईल खराब आहे’. उलगडल्यावर ‘इंडेक्स’ नावाची फाईल ब्राउझरमध्ये उघडली की शोधपेटीही चालते. स्फिंक्सची शब्दसूची जावास्क्रिप्ट फाईल म्हणून सोबतच असते, तिला सर्व्हर लागत नाही. ‘एमकेडॉक्स’ या तशाच दुसऱ्या साधनाने बनवलेल्या साईटचं तसं नाही. तिथे सूची वेगळी मागवली जाते आणि ब्राउझर सुरक्षेपायी थेट फाईलवरून ती मागवू देत नाही. पानं दिसतात, शोध मुका राहतो.

दोन्हींचा एकच उपाय, आणि तुमच्या सहा संगणकांना तोच सोयीचा. एका संगणकावर उलगडलेल्या फोल्डरमध्ये कमांड खिडकी उघडा आणि ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ चालवा. त्या संगणकाचा आयपी पत्ता बघा (विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’). तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. बाकी पाच संगणक आणि मुलांचे फोन त्याच वायफायवर असले की ब्राउझरमध्ये तो पत्ता, पुढे ‘:८०००’ लिहून डॉक्युमेंटेशन उघडतं. राउटर हवा, इंटरनेट नको. पान उघडलं नाही तर बहुतेक वेळा विंडोज फायरवॉल आडवी आलेली असते. पहिल्यांदा विचारलं जातं तेव्हा ‘प्रायव्हेट नेटवर्क’ला परवानगी द्या. हा सर्व्हर घरगुती वापरापुरताच आहे, बाहेरच्या जगाला उघडा करू नका. आणि ज्या फोल्डरमध्ये चालवाल ते सगळं इतरांना दिसतं, तेव्हा त्यात अभ्यासिकेच्या फीचा हिशेब ठेवू नका.

टेक्स्टची झिप शोधासाठी ठेवायची. विंडोजवर त्या फोल्डरमध्ये ‘फाइंडस्ट्र’ कमांड `/` एस, `/` आय, `/` एन या तीन स्विचसह चालवली की सगळ्या फाईलींतून शब्द शोधून ओळीच्या क्रमांकासह देते. दोन शब्द एकत्र शोधताना मात्र बहुतेक जण फसतात. अवतरणचिन्हांत दोन शब्द दिले तरी ही कमांड ‘दोन्हींपैकी कोणताही’ असा अर्थ घेते आणि हजारो ओळी ओकते. सलग शब्दसमूह हवा असेल तर त्याआधी `/` सी आणि `:` लावायचं. लिनक्सवर ‘ग्रेप -आरआयएन’ पुरे, त्यात ही भानगड नाही.

काहीच उतरवलेलं नसेल तरी ‘पायथन -एम पायडॉक -बी’ चालवा. पायथनसोबत आलेली मदत ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात ट्युटोरियल नसतं, पण प्रत्येक मॉड्यूल असतं.

अनेक भाषा एका जागी हव्या असतील तर विंडोज आणि लिनक्सवर ‘झील’ बसवा. त्यात ‘पायथन:’ लिहून पुढे शब्द टाकला की शोध त्या भाषेपुरताच राहतो. फोनवर ‘डेव्हडॉक्स’ ब्राउझरमधूनच चालतं, नेट असताना हव्या त्या भाषेची ऑफलाइन प्रत साठवून घ्यायची. ती प्रत ब्राउझरच्या साठ्यात असते. ‘फोन स्लो झाला’ म्हणून कुणी ब्राउझरचा डेटा पुसला की तीही जाते, हे मुलांना आधीच सांगा.

प्रश्न : मी आयटीआयला कोपा (संगणक चालवणं आणि प्रोग्रामिंग) ट्रेडला शिकवतो. मुलं एरर आली की लाल अक्षरातलं सगळं कॉपी करून शोधतात आणि हाती काही लागत नाही. शोधायला नेमकं काय घ्यायचं, हे त्यांना कसं शिकवू? एक एरर तर एकाच्या फाईलला येते, दुसऱ्याच्या तशाच फाईलला येत नाही.
– निदेशक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : सर, पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर दिसणारा तो सगळा मजकूर, खालून वाचायला शिकवा. सगळ्यात शेवटच्या ओळीत एररचा प्रकार असतो, मग `:` आणि पुढे कारण. शोधायला ती एकच ओळ घ्यायची, आणि तिच्यातूनही आपलं-आपलं काढून टाकायचं: फाईलचा मार्ग, आपण ठेवलेली व्हेरिएबलची नावं, आपला डेटा. ‘कीएरर: कापूस’ शोधून जगात काहीही मिळणार नाही, ‘कीएरर डिक्ट’ शोधा. शेवटून दुसरी-तिसरी ओळ शोधण्यासाठी नसते, आपल्या कोडमध्ये कुठे बघायचं ते ती सांगते. जावात याच्या उलट वरून सुरुवात करतात, पण ‘कॉज्ड बाय’ असेल तर सर्वांत खालचं ‘कॉज्ड बाय’ धरायचं. रस्टमध्ये बऱ्याच एररना ‘ई’ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक असतो, ‘रस्टसी --एक्सप्लेन’ आणि पुढे तो क्रमांक दिला की उदाहरणासह खुलासा नेटशिवाय मिळतो. नवशिक्यासाठी केलेली इतकी नेटकी सोय कमी भाषांत आहे.

‘मॉड्यूल सापडलं नाही’ या एररमध्ये एक खोच असते. कोडमध्ये जे नाव इंपोर्ट होतं, त्याच नावाने पॅकेज मिळेलच असं नाही. ‘सीव्ही२’साठी ‘ओपनसीव्ही-पायथन’ बसवावं लागतं, ‘पीआयएल’साठी ‘पिलो’, ‘बीएस४’साठी ‘ब्युटिफुलसूप४’, ‘एसकेलर्न’साठी ‘सायकिट-लर्न’. मुलांना इंपोर्टचं नाव जसंच्या तसं ‘पिप’ला (पॅकेज बसवणाऱ्या कमांडला) देऊ नका म्हणावं, आधी त्या लायब्ररीच्या पानावरची ‘इन्स्टॉलेशन’ची ओळ बघावी.

आता तुमची एकाला येणारी आणि दुसऱ्याला न येणारी एरर. तुम्ही पत्रात ती लिहिली नाही, पण विंडोज असेल आणि सीएसव्हीत मराठी असेल तर ती ‘युनिकोड डीकोड एरर, चारमॅप’ अशीच असण्याचा संभव मोठा. विंडोजवर पायथनला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर ते सहसा जुनं ‘सीपी१२५२’ धरतं. मराठी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. त्यांतले बरेच बाइट सीपी१२५२ ला ओळखीचे वाटतात, म्हणून एरर न येता स्क्रीनवर कचरा दिसतो. काही बाइटना मात्र तिथे अर्थच नाही, ते आले की प्रोग्राम थांबतो. हलन्ताच्या शेवटच्या बाइटची किंमत ‘८ डी’, ऱ्हस्व उकाराच्या शेवटच्या बाइटची ‘८१’, आणि या दोन्ही किमती सीपी१२५२ मध्ये रिकाम्या आहेत. म्हणून ज्याच्या फाईलमध्ये फक्त कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा आहे त्याची फाईल उघडते आणि कचरा दाखवते. ज्याने ज्वारी किंवा संत्रा लिहिला त्याला ‘८ डी’ची एरर येते, भुईमूग लिहिणाऱ्याला ‘८१’ची. फाईल ‘तशीच’ नसते ती एवढ्यानेच.

उपाय: ‘ओपन’मध्ये ‘एन्कोडिंग’ला ‘यूटीएफ-८’ द्या. फाईल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन केली असेल तर ‘यूटीएफ-८-एसआयजी’ द्या. नाही तर सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटतं आणि ‘पीक’ नावाचा स्तंभ डोळ्यांना दिसत असूनही ‘कीएरर’ येतो. तो स्तंभाचा मथळा ‘रेप्र’मधून छापून बघितला की चिकटलेलं चिन्ह उघडं पडतं.

आयटीआयमधल्या संगणकांवर पायथन फार जुनं असेल तर ३.१० किंवा त्यापुढचं बसवून घ्या. तेव्हापासून ‘कंस बंद केला नाही’, ‘तुम्हाला हे नाव म्हणायचं होतं का’ असं एररच सांगते, ३.१२ पासून ‘इंपोर्ट करायला विसरलात का’ हेही. अर्ध्या वेळा मग शोधायची पाळीच येत नाही.

प्रश्न : गुगलवरून जे पान उघडते त्यात प्रिंटला कंसच नाहीत. तसं लिहिलं तर चालत नाही. कोण बरोबर?
– ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : ते पायथन २ चं पान आहे. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, पण जुनी पानं शोधात येत राहतात. पानाच्या वर डावीकडे आवृत्ती निवडायची यादी असते, तिच्यात तुमची आवृत्ती घ्या. ती माहीत नसेल तर ‘पायथन --व्हर्जन’. गुगलवर शोधताना ‘साईट:’ लिहून लगेच, जागा न सोडता, पायथन डॉक्युमेंटेशनचा पत्ता आणि शेवटी `/` ३ द्या, जुनं बहुतेक गळून जातं.

प्रश्न : आम्ही काही शिक्षक मिळून पायथनच्या मराठी नोट्सची साईट बनवून राहिलो, एमकेडॉक्स वापरून. इंग्रजी शब्द शोधला की सापडतो, मराठी शोधला की ‘काही आढळलं नाही’. मजकूर तर समोर दिसते! शिवाय मुलं काय शब्द टाकतील याचा अंदाज येत नाही.
– ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : पत्रातल्या दोन अडचणी निराळ्या आहेत. पहिली यंत्राची, दुसरी लिहिण्याची. पहिली एका संध्याकाळी सुटते.

एमकेडॉक्सचा शोध ‘लुनर’ नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालतो. सूची बनवताना लुनर प्रत्येक शब्दाच्या दोन्ही टोकांची ‘अक्षर नसलेली’ चिन्हं छाटतो, म्हणजे पूर्णविराम, कंस वगैरे. पण अक्षर म्हणजे काय, याची त्याची व्याख्या इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढीच. ‘यादी’ हा शब्द त्याच्या लेखी पूर्णच विरामचिन्हांचा, म्हणून पूर्णच छाटला जातो. सूचीत मराठी शब्द जातच नाहीत. त्या छाटणीला ‘ट्रिमर’ म्हणतात. सूचीच्या पाइपलाइनमधून तो काढून टाका, किंवा त्याच्या जागी देवनागरीचा युनिकोड पट्टा (०९०० ते ०९७एफ) अक्षर मानणारा स्वतःचा ट्रिमर बसवा. दंड ‘।’ याच पट्ट्यात येतो, तो तेवढा वेगळा छाटा.

कुणी सुचवेल की पायथनमध्येच स्वतःचा शोध लिहू. लिहा, पण ‘आरई’ मॉड्यूलच्या ‘\डब्ल्यू’वर शब्द तोडू नका. ते काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘किती’चे ‘क’ आणि ‘त’ असे दोन तुकडे होतात. शब्द मोकळ्या जागांवर आणि विरामचिन्हांवर तोडा, किंवा वरचाच पट्टा चौकटी कंसात द्या.

यानंतर एकच शब्द दोन प्रकारे टाइप होण्याचा त्रास उरतो. ‘पायऱ्या’ हा शब्द नव्या कीबोर्डवर नुक्तावाल्या ‘ऱ’ने येतो, जुन्या पद्धतीत ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक (२००डी) असा येतो. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण हे दोन एकत्र करत नाही, स्वतः बदल करावा लागतो: ०९३०, ०९४डी, २००डी असा क्रम आला की ०९३१, ०९४डी ठेवा. ‘ॲ’चंही तेच. कुणी एकसंध ॲ (०९७२) टाइप करतं, कुणी ‘अ’वर चंद्र ठेवतं. प्रोग्रामिंगच्या नोट्समध्ये ॲरे, ॲप, ॲट्रिब्यूट असे शब्द भरपूर, त्यामुळे हे सोडून चालत नाही. आकडेही एका लिपीत आणा. हे सगळं सूची बनवताना आणि शोधताना, दोन्हीकडे करायचं. एकाच बाजूला केलं तर आधी सापडत होतं तेही जाईल.

मग विभक्ती. यादी, यादीत, यादीला, यादीमधून, याद्या. लुनरमध्ये शब्दापुढे `*` लावला की पुढचं काहीही चालतं. ‘यादी*’ने पहिली चार रूपं येतात, ‘याद्या’ राहते. ‘याद*’ केलं तर तीही येते, आणि सोबत एखादे यादव सरही येतील. शेवटी `~1` लावलं (आकडा इंग्रजीच हवा) की एका अक्षरचिन्हाची चूक माफ होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळाला तेवढं पुरतं. मुलं ही चिन्हं टाकणार नाहीत, तेव्हा त्यांच्या शब्दाला ती मागच्या मागे तुम्हीच जोडा. आधी जसाच्या तसा शब्द शोधा; काही न मिळालं तरच `*`, आणि तरीही न मिळालं तर `~1`. तिन्ही एकदम लावले तर नेमकं पान खाली ढकललं जातं.

आता लिहिण्याचं. मुलगा ‘लूप’ शोधेल, ‘loop’ असं इंग्रजी अक्षरांत टाकेल, ‘परत परत’ टाकेल, पाठ्यपुस्तकात वाचलं असेल तर ‘पुनरावर्तन’ टाकेल. चारही रूपं त्या पानावर असायला हवीत. पानाच्या तळाशी शब्दांची माळ ओवू नका. पहिल्या परिच्छेदात वाक्यातच आणा: ‘एकच काम परत परत करायचं तर लूप वापरतात, यालाच पुनरावर्तन म्हणतात.’ शीर्षक ‘लूप्स’ एवढंच ठेवण्यापेक्षा ‘यादीतील प्रत्येक नोंदीवर लूप फिरवणे’ असं कामाचं ठेवा, शीर्षकातल्या शब्दाला शोधात जास्त वजन मिळतं. ज्या एरर त्या धड्यात हमखास येतात त्यांची शेवटची ओळ अक्षर न बदलता, इंग्रजीतच, पानावर टाका आणि खाली मराठीत कारण लिहा. एररचं भाषांतर करून टाकलं तर कुणालाच सापडणार नाही. एररचा स्क्रीनशॉट लावणं तर त्याहून निरुपयोगी, चित्रातलं अक्षर सूचीत येत नाही.

पुढे साईट स्फिंक्सवर नेली तर तिथे ‘इंडेक्स’ नावाचं डायरेक्टिव्ह आहे. त्यात ‘सिंगल’, ‘पेअर’ आणि ‘सी’ असे प्रकार असतात. ‘पुनरावर्तन – पाहा लूप’ अशी नोंद ‘सी’ने होते. नव्या आवृत्त्यांत या नोंदी शोधातही धरल्या जातात. मात्र शब्द तोडायचा वर सांगितलेला घोळ स्फिंक्सच्या शोधातही आहेच, तो न सोडवता तिकडे जाऊ नका. रस्टमध्ये तर फंक्शनलाच ‘डॉक एलियास’ म्हणून पर्यायी नाव जोडता येतं. इतर भाषांतून आलेला माणूस जुन्या सवयीचं नाव शोधेल, हे लिहिणाऱ्याने तिथे गृहीत धरलेलं असतं.

अंदाज कसा करायचा म्हणता, तर तो करू नका, लिहून घ्या. लुनरचा शोध मुलाच्या ब्राउझरमध्येच होतो, त्याची नोंद तुमच्याकडे येत नाही. संगणकाशेजारी दोन रकान्यांची वही ठेवा: ‘काय टाकलं’ आणि ‘काय पाहिजे होतं’. नाव लिहायला लावू नका, लाजून मुलं वहीला हातच लावणार नाहीत. महिन्याने वही घेऊन बसा आणि पहिल्या रकान्यातले शब्द त्या त्या पानावर घाला. शिवाय पाच-सहा मुलांना एकेक काम द्या, पण ते सांगताना पारिभाषिक शब्द टाळा. ‘स्प्लिट शोध’ म्हणालात तर परीक्षा झालीच नाही. ‘या ओळीतलं पिकाचं नाव वेगळं काढ’ म्हणा आणि त्याने पहिला शब्द कोणता टाकला तेवढंच टिपा. मागे उभं राहून सुचवायचा मोह शिक्षकांना आवरत नाही, म्हणून हे काम मोठ्या वर्गातल्या मुलीकडे द्या.

प्रश्न : कॉलेजात जावा ८ आहे. त्याच्या डॉक्युमेंटेशनला शोधपेटीच दिसत नाही. – बी.एससी.चा विद्यार्थी, ब्रह्मपुरी

उत्तर : नाहीच. जावाडॉकमध्ये शोधपेटी जावा ९ पासून, म्हणजे २०१७ ला आली. जावा ८ मध्ये वरच्या पट्टीतली ‘इंडेक्स’ लिंक घ्या, अक्षरवार सगळं आहे. किंवा नव्या आवृत्तीच्या पानावर शोधा आणि त्या मेथडपुढे ‘सिन्स’ काय लिहिलंय ते बघा. ९ किंवा पुढचा आकडा असेल तर तुमच्याकडे ती चालणार नाही. नव्या पेटीत क्लासच्या नावातली फक्त मोठी अक्षरं टाकली तरी चालतं: ‘फाईलइनपुटस्ट्रीम’साठी ‘एफआयएस’. पीएचपी शिकणाऱ्या मित्रांना सांगा, त्यांच्या अधिकृत साईटच्या पत्त्यापुढे `/` देऊन फंक्शनचं नाव लिहिलं की थेट ते पान उघडतं.

प्रश्न : एवढं शोधत बसण्यापेक्षा एआयला विचारलं तर? – ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : विचारा. आपल्या शब्दांतल्या वर्णनावरून नेमका पारिभाषिक शब्द काढून देण्यात ते चांगलं आहे. तुटक मराठीतही समजून घेतं. पण अस्तित्वात नसलेली फंक्शन आणि पॅरामीटरही ते तितक्याच ठामपणे सांगतं. मिळालेलं नाव ‘हेल्प’ला किंवा इंडेक्सला दाखवा. तिथे नसेल तर ते नाव सोडा, आणि ‘पिप’ने बसवायला सांगितलेलं अनोळखी पॅकेज तर डॉक्युमेंटेशन पाहिल्याशिवाय बसवूच नका. तशा नावांनी कुणीही पॅकेज चढवू शकतं, आणि त्यातला कोड तुमच्याच संगणकावर चालतो.